जमीन विकून वसलेलं गाव

कढीपत्त्याचं रोप मोठ्या कुंडीत हलवायचं म्हणून मी दाराशी फतकल मारून बसले होते. मार्चमधलं ऊन होतं, म्हणजे इथल्या, नेदरलँड्सच्या मानानं ऊन. खाली जुनं वर्तमानपत्र, बाजूला बागेच्या दुकानातून आणलेली कुंडीच्या मातीची पिशवी. शेजारच्या आजी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. पंच्याहत्तरी कधीच उलटलेली, पण अजून सायकलवरून बाजारहाट करतात आणि बोलणं एकदम रोखठोक. विचारणं वगैरे काही नाही, सरळ पिशवीत हात घालून त्यांनी मूठभर माती काढली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. "किती दिलेस याचे?" मी सांगितलं. त्या हसल्या, अगदी खांदे हलेपर्यंत. "टर्फला पैसे! आमचे बाबा असायला हवे होते आत्ता." टर्फ म्हणजे पीट, दलदलीत साचलेल्या, पुरत्या न कुजलेल्या झाडपाल्याचा थर, इथे पूर्वी त्याच्या विटा कापून, वाळवून जाळत. हात कोटाला पुसले आणि डबा ढकलत निघून गेल्या.

त्या हसण्याचा राग नाही आला, पण ते डोक्यातून जाईना. रात्री ओटा आवरून झाल्यावर मी पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. बाल्टिक देशांतलं पांढरं पीट, जर्मनीतलं गोठवलेलं काळं पीट, कोकोपीट, थोडा चुना, खत. माती अशी त्यात नव्हतीच. कोकोपीट इथे येतं ते आपल्याकडून आणि श्रीलंकेतून. पुण्यात आई त्याच विटा बादलीत भिजत घालते. म्हणजे माझ्या कढीपत्त्याच्या मुळाशी एस्टोनिया, जर्मनी आणि बहुधा तामिळनाडू. नेदरलँड्सचा त्यात कणही नाही. ज्या देशानं काही शतकं पीट जाळून विटा भाजल्या, बिअर उकळली, कापड धुतलं आणि थंडीत पाय शेकले, त्याला आता कुंडीपुरतंही ते बाहेरून आणावं लागतं. शाळेत भूगोलाच्या तासाला आम्ही कोळशाचे प्रकार एका दमात म्हणायचो: पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. पीटच्या वाट्याला पुस्तकात जेमतेम एक ओळ होती. धूर जास्त, उष्णता कमी. परीक्षेत ते कुणी विचारत नसे.

पुढे एकदा आजींकडे कॉफीला गेले तेव्हा विषय मीच काढला. त्या उठल्या आणि पुस्तकांच्या फळीवरून, नातवंडांच्या फोटोंच्या मधून, एक गडद तपकिरी वीट काढून माझ्या हातात ठेवली. जड असेल म्हणून मी दोन्ही हातांनी सावरून धरली, तर ती अगदीच हलकी. एक बाजू पात्यानं कापल्यासारखी सपाट, बाकीच्या वाळून भेगाळलेल्या. भेगांतून तांबूस धागे डोकावत होते. एक धागा ओढला, तो तुटेना. "कापूसगवत आहे ते," आजी म्हणाल्या, "दोन हजार वर्षांचं तरी असेल." दोन हजार वर्षांपूर्वी वाढलेलं गवत माझ्या चिमटीत होतं आणि अजून चिवट होतं. विटेचा वास असा काही येत नव्हता. मग त्यांनी तिचा एक कोपरा मोडला, चिमट्यात धरून गॅसवर नेला आणि लाल झाल्यावर बशीत ठेवला. ज्योत नाही, नुसता निखारा. धूर आधी डोळ्यांत गेला, मग नाकात. कडसर, जरासा गोड, आणि ओल्या जमिनीचा.

मी थेट कऱ्हाडजवळच्या आजोळी पोचले. परसात भिंतीला टेकून गोवऱ्यांचा हुडवा असायचा, पावसाळ्याआधी वरून पाचटानं शाकारलेला. गोवरीवर आजीच्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे आणि चुलीत घालताना मी मुद्दाम ठशांची बाजू वर ठेवायची. आजींच्या टर्फचंही सगळं तसंच होतं: ओलं थापायचं नाही, कापायचं, एवढाच फरक, पुढे उन्हावाऱ्यात वाळवणं, उलटवणं, फटी ठेवून रचणं, पावसाच्या आत झाकणं, आणि हे सगळं बायकापोरांच्या अंगावर. वासही त्याच घराण्यातला. आजींना हे सांगितलं, तर शेण जाळायचं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. मला गंमत वाटली. आपापल्या धुराचा अभिमान असतोच माणसाला.

गोवऱ्या मात्र दर वर्षी नव्या व्हायच्या.

पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. तेही सगळं जमून आलं तर. खाली वाळू, पाण्याला वाट नाही, वरून पाऊस, आणि त्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ. त्याला मुळं नसतात. वरचं टोक वाढत राहतं, खालचं मरतं, आणि मेलेलं कुजत नाही, कारण ते पाणी आंबट असतं आणि त्यात हवा नसते. थरावर थर चढत जातो. एक मीटर म्हणजे हजारेक वर्षं. ब्राबांट आणि लिम्बर्ग या दोन प्रांतांच्या सीमेवर अशी पेल नावाची दलदल पसरलेली होती. तिच्या कडेकडेची गावं शतकानुशतकं आपापल्या चुलीपुरतं टर्फ काढून नेत. आत कोणी जात नसे. गाडी रुतायची, माणूस रुतायचा, जनावर तर हमखास. आजी सांगतात, लहानपणी त्यांना भुताची भीती कधी घातली गेली नाही, पेलचीच घातली गेली.

आजी हेलेनाव्हेनच्या. आइंडहोवनहून व्हेन्लोच्या गाडीनं डर्नेला उतरायचं आणि पुढे सायकल. मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलमध्ये, वारा समोरून. डर्ने सोडलं की आधी नेहमीची शेतं, डुकरांचे लांबलचक गोठे, त्यांचा तो वास. मग हळूहळू वळणं संपतात. हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. एरवी इथले जुने रस्ते शेताच्या बांधानं, ओढ्याच्या कडेनं वळतवळत जातात. इथे रस्ता सरळ, झाडांची रांग सरळ, कालवा सरळ, कालव्याच्या दोन्ही काठांना घरं, आणि घरांच्या मागे काटकोनात निघालेले चर, तेही सरळ. पाणी काळपट तपकिरी आणि हालचाल नसलेलं. गावाला मध्यभाग असा नाहीच. चर्च आहे, पण चौक म्हणावा असं काही नाही. कालव्यानं लांबी दिली तेवढं गाव. मला ते सुंदर वाटलं की उदास, हे तेव्हा ठरवता आलं नाही, आता तरी कुठे येतंय.

हे गाव कागदावर आधी झालं, जमिनीवर नंतर. १८५३ मध्ये यान व्हान द ग्रिंट नावाच्या डेन बॉशकडच्या उद्योजकानं डर्नेच्या पालिकेकडून ६०० हेक्टरांहून अधिक दलदल विकत घेतली. लोकांना वाटलं असणार, पैसा पाण्यात. शब्दशः. पण पेलच्या दक्षिणेला एक अर्धवट कालवा पडून होता, हे त्यानं हेरलं होतं. नेपोलियननं १८०८ मध्ये शेल्ड नदीपासून ऱ्हाइनपर्यंत कालवा खणायला घेतला होता, डच बंदरांना वळसा घालून माल न्यायचा म्हणून. १८१० मध्ये त्यानं अख्खा हॉलंडच फ्रान्सला जोडून टाकला, मग वळसा कशाला? काम थांबलं. त्या थांबलेल्या कालव्याचा एक तुकडा, नोर्डरव्हार्ट, पेलच्या अंगणात पाणी भरून तसाच राहिला. व्हान द ग्रिंटनं त्याला जोडून दलदलीत नवा कालवा काढला. सम्राटाची रद्द झालेली योजना टर्फच्या होड्यांना कामी आली. कालव्याला आणि गावाला त्यानं बायकोचं नाव दिलं. हेलेना पानिस. उत्तरेकडच्या ड्रेंथे प्रांतात क्लाझिनाव्हेन नावाचं असंच एक टर्फचं गाव आहे, तेही एका कारखानदाराच्या बायकोच्या नावाचं. दागिना घडवण्यापेक्षा हे बरं म्हणायचं का? स्वतःच्या नावाची दलदल मिळाल्यावर त्या बायकांना काय वाटलं असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर बराच वेळ करत होते.

दलदल विकत घेतली म्हणजे टर्फ हातात आलं असं होत नाही. आधी चर खणायचे आणि पाणी काढत काही वर्षं थांबायचं, कारण ओल्या पीटमध्ये बहुतेक पाणीच असतं आणि त्यावर उभंही राहता येत नाही. पाणी उतरलं, जमीन माणसाचं वजन पेलायला लागली, की वरचा थर सोलायचा. मग लांब दांड्याच्या, सरळ पात्याच्या फावड्यानं उभे-आडवे काप देत विटा काढायच्या. कापणारा खड्ड्यात, ढकलगाडीवाला काठावर, फळ्या टाकलेल्या वाटेवरून ओल्या विटा वाळवणीच्या पट्टीवर नेणार. हंगाम हिवाळा सरल्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, बस. त्यानंतर कापलेलं टर्फ हिवाळ्याआधी वाळत नाही, आणि ओल्या टर्फला थंडीचा कडाका बसला की त्याचा भुगा होतो, जळण म्हणून कवडीमोल. माझ्या पिशवीवरचं 'गोठवलेलं काळं पीट' मला इथे आठवलं. ज्या गोठण्याला आजींचे बाबा घाबरायचे, ते आता मुद्दाम करतात. गोठून फुटलेलं काळं पीट पाणी धरायला लागतं आणि कुंडीला उपयोगी पडतं.

ब्राबांटच्या शेतकऱ्यांना आपल्या चुलीपुरतं टर्फ काढता येत होतं, पण कालवा, चर, उतार, होड्या हा सगळा धंदा म्हणून कसा चालवायचा, हे ज्ञान उत्तरेकडे होतं. ड्रेंथे, ग्रोनिंगेन, फ्रिसलंडमध्ये हे काम सतराव्या शतकापासून चालू होतं. होखेव्हेन १६२५ च्या सुमाराचं. ग्रोनिंगेन शहर तर टर्फ घेऊन आलेल्या होड्या रिकाम्या परत पाठवत नसे, शहराचा मैला आणि कचरा भरून पाठवी, आणि पीट काढून उघड्या पडलेल्या वाळूत तो मिसळून तिथे बटाटे पिकवत. एवढा हिशेबी कारभार. तर हेलेनाव्हेनला कामकरी आले ते मोठ्या प्रमाणावर त्या उत्तरेतून, आणि ते प्रोटेस्टंट. आजूबाजूचा सगळा मुलूख कडवा कॅथलिक. त्यांची भाषा इथल्यांना कळेना, त्यांची प्रार्थना पटेना. छोट्याशा गावात दोन चर्च झाली. आजी कॅथलिक, त्यांची बालमैत्रीण प्रोटेस्टंट. दोघी शाळेच्या वाटेवर कालव्याच्या दोन काठांनी चालायच्या, पुलापाशी भेटायच्या, आणि घरं जवळ आली की पुन्हा दोन काठ. हे त्या फार मजेत सांगतात. मला मात्र त्यात काहीतरी ओळखीचं टोचलं, त्यावर मी बोलले नाही.

पीट-वसाहतींचा इतिहास वाचताना फार काळ रम्य वाटत नाही. फळ्या-मातीच्या, कधी नुसत्या गवताळ ढेकळांच्या झोपड्या, जमिनीत अर्ध्या पुरलेल्या. उत्तरेकडे मालकाचंच दुकान असायचं आणि मजुरानं तिथूनच माल घ्यायचा, चढ्या भावानं, नाहीतर पुढच्या हंगामात काम नाही. मजुरी कित्येकदा दारूच्या गुत्त्यात वाटली जायची. १८८८ च्या वसंतात फ्रिसलंड-ड्रेंथेच्या टर्फ कामगारांनी मोठे संप केले, त्याच वर्षी डोमेला न्यूवेनहाउस हा पहिला समाजवादी त्या भागातून संसदेत निवडून गेला. दुकानाची सक्ती १९०७ च्या कायद्यानं मोडली. आजींच्या घरात मालकाविषयी वाईट बोललं जात नसे. "घर कंपनीचं, कालवा कंपनीचा, काम कंपनीचं. वाईट कुणाविषयी बोलणार?" त्या म्हणाल्या, आणि मला माझ्या नवऱ्याचा व्हिसा, आमचं गहाणखत, मुलाची शाळा हे सगळं एकाच कंपनीच्या पत्रावर उभं आहे, हे आठवलं. तुलना ताणलेली आहे, मला कळतं. आम्ही खड्ड्यात उभे नसतो.

व्हान द ग्रिंटच्या मुलांचं आणि हेलेनाव्हेनच्या कंपनीचं काही जमलं नाही, आणि १८८५ मध्ये त्यांनी शेजारीच, लिम्बर्गच्या हद्दीत, ग्रिंट्सव्हेन वसवलं. बापानं आईचं नाव ठेवलं, मुलांनी आडनाव. तोवर कोळशानं टर्फला मागे टाकायला सुरुवात केली होती, पण ह्या घराण्याला वेगळीच वाट सापडली. वरचा, फिकट, तरुण थर जळणाला बेकार म्हणून आजवर बाजूला टाकत. तो वाळवून, फाडून, दाबून त्याचे गठ्ठे केले तर घोड्यांच्या तबेल्यात पसरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट मूत शोषून घेतं आणि वासही मारतं. युरोपातल्या मोठ्या शहरांत तेव्हा ट्राम घोडे ओढत, सैन्यं घोड्यांवर चालत. पेलच्या शेवाळाचे गठ्ठे रेल्वेनं दूरदूर जायला लागले. पुढे मोटारी आल्या आणि घोडे गेले, तेव्हा तेच शेवाळ बागेकडे वळलं. एका मालाला एवढे जन्म मिळालेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

ग्रिंट्सव्हेनच्या पुढे थोड्या अंतरावर अमेरिका नावाचं गाव आहे. खरंच आहे. तिथून आईला व्हिडिओ कॉल केला आणि पाटी दाखवली, तर ती घाबरली, "अगं, मध्येच कधी गेलीस?"

पण मला पेलची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे १९१० सालची. त्या उन्हाळ्यात हेलेनाव्हेनजवळ खेबल स्मोलेनार्स नावाचा टर्फ कामगार नेहमीसारखा कापत होता आणि फावड्याला काहीतरी लागलं. चिखलातून चकाकणारं निघालं ते रोमन घोडदळातल्या अधिकाऱ्याचं शिरस्त्राण, चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. त्याच्यासोबत पादत्राणं, घोड्याला टाचायची आर, वस्त्राला लावायचा काटा, एक लहान घंटा आणि चौथ्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. शिरस्त्राणावर तुकडीचं नाव कोरलेलं आहे, स्टाब्लेसियानी घोडदळाची सहावी तुकडी. माणूस मात्र नव्हता. हाड नाही, काही नाही. बुडाला म्हणावं तर अंगावरचं सामान असं एके ठिकाणी कसं? देवाला वाहिलं म्हणावं तर जोडे कोण वाहतं? पंडितांचं अजून एकमत नाही.

लायडनच्या संग्रहालयात काचेत ते ठेवलंय. अंधारात दिवा नेमका त्याच्यावर सोडलेला, आणि ते इतकं पिवळंजर्द की खोटं वाटतं. बारीक ठोकलेली नक्षी, कानांवरच्या पट्ट्या, कपाळावरचा कणा. मी खूप वेळ उभी होते, पण खरं सांगायचं तर अधिकाऱ्याचा विचार माझ्या मनात फार टिकला नाही. स्मोलेनार्सचा टिकला. विटांच्या मोजदादीवर पोट असलेला माणूस. त्या दिवशी फावडं थांबलं, म्हणजे विटा थांबल्या. हात चिखलात घालून तो सोनं काढतोय आणि मागे ढकलगाडीवाला ताटकळत उभा आहे. सोळाशे वर्षं जे आंबट पाण्यानं चामड्यासकट जपून ठेवलं, ते हंगामी मजुराच्या कापात वर आलं. पेल खणली नसती तर मिळालं नसतं. आणि पेल खणली म्हणून असं अजून काय काय फावड्याखाली भुगा होऊन कुणाच्या शेगडीत गेलं, त्याचा हिशेब कुठल्या काचेत ठेवणार?

युद्धाविषयी आजी थोडकं बोलतात. त्यांच्या जन्माआधीचं, आईकडून ऐकलेलं. ऑक्टोबर १९४४ मधल्या एका रविवारी जर्मन सैनिकांनी ह्या पट्ट्यातल्या गावागावांत चर्चमधून बाहेर पडणाऱ्या पुरुषांना घेरलं आणि हजारोंना जर्मनीत वेठीला नेलं. मग आघाडी नेमकी इथल्या कालव्यांवर येऊन थांबली आणि गावाचा चुराडा झाला. आजची बरीच घरं त्यानंतरची. "म्हणून जुनं काही बघायला मिळणार नाही तुला," त्या म्हणाल्या, जणू पाहुणीला जेवायला कमी पडलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीट काढणं हळूहळू थांबलं. दक्षिण लिम्बर्गच्या खाणींतला कोळसा होता, मग ग्रोनिंगेनचा गॅस आला आणि त्या खाणीही बंद केल्या. गाव ज्यासाठी वसलं ते कारणच उरलं नाही. मला ह्या जागी नेहमी अडखळायला होतं. एखादी खाण बंद पडली तर डोंगर तरी राहतो. इथे लोकांनी पायाखालची जमीनच कापून, वाळवून, होडीत घालून विकली होती. घरं कालव्याच्या काठावर उंच राहिली आणि मागची जमीन खाली गेली. तरी गाव हललं नाही. लोकांनी वाळूत भाजी लावली, गायी आणल्या, डुकरं आणली, मुलं डर्नेच्या, आइंडहोवनच्या कारखान्यांत गेली. आइंडहोवनचंही तेच झालं म्हणा. दिव्यांच्या कारखान्यावर वाढलेलं शहर, फिलिप्सनं मुख्यालय ॲम्स्टरडॅमला नेलं तेव्हा लोकांना वाटलं संपलं. त्याच फिलिप्सच्या पोटातून चिप छापणाऱ्या यंत्रांची कंपनी निघाली आणि तिच्यापायी आम्ही आलो, इतके की गणपतीला हॉल पुरत नाही. उद्या ही यंत्रं दुसरीकडे बनायला लागली तर? पार्टीत हा प्रश्न कुणी काढला की लगेच दुसरा कुणीतरी बिर्याणीचा विषय काढतो.

एप्रिल २०२० मध्ये, घरात कोंडून असताना, एका संध्याकाळी बाल्कनीत जळकट वास आला. वारा पूर्वेकडून होता. दुसऱ्या दिवशी बातमी: डर्नेजवळच्या पेलला आग. ७०० हेक्टरांहून जास्त जळलं, ग्रिंट्सव्हेन रिकामं करावं लागलं. महासाथीत 'घरातच राहा' सांगितलेलं आणि ह्या लोकांना 'घर सोडा'. वरची ज्वाळा विझली तरी आग विझली नाही, कारण ती खाली उतरली होती. वाळलेलं पीट आतल्या आत धुमसत राहतं, एका जागी विझवलं की दुसऱ्या जागी धूर काढतं. अग्निशामक दलाचे लोक आठवडेच्या आठवडे जमीन उकरून पाणी मारत होते. आजींच्या बशीतल्या त्या कोपऱ्यासारखीच, ज्योत नसलेली आग.

ओली पेल अशी जळत नाही. म्हणून आता उलटं काम चालू आहे. चर बुजवायचे, लहान बांध घालायचे, पावसाचं पाणी धरून ठेवायचं, म्हणजे शेवाळ पुन्हा धरेल. तिथे लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालता येतं. वाळकं, पांढुरकं उंच गवत मैलभर, मध्ये बर्चची झाडं, आणि हे दोन्ही इथे नको आहेत, हे तिथल्या पाटीवर वाचून कळलं. शेतांवरून येणारं नत्र त्यांना मानवतं, शेवाळाला नाही. एका चौकोनी खड्ड्याच्या कडेला मला हिरवंगार स्फॅग्नम दिसलं. वाकून मूठभर घेतलं आणि पिळलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत बाहीत शिरलं, थांबेचना, एवढ्याशा मुठीत एवढं पाणी. पिळून उरलं ते अगदीच चिमूटभर. परत खड्ड्यात सोडलं तर ते डोळ्यांदेखत फुगायला लागलं. शंभर वर्षांनी ह्या जागी दहा सेंटिमीटर पीट असेल, सगळं जमून आलं तर.

आजींचा भाचा गावाबाहेर गायी पाळतो. मागच्या वेळी आजींना घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. टेबलावर एक नकाशा पसरलेला, त्यात पेलच्या भोवतीचा पट्टा निळ्यानं रंगवलेला. तिथली भूजलाची पातळी वाढवायची आहे. त्याची दोन शेतं निळ्यात. नत्राचं प्रदूषण वाढवणारे परवाने अडवणाऱ्या २०१९ च्या कोर्टाच्या निकालानंतर हा भाग कसा तापलेला आहे ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर मोर्चे, निषेधाचे उलटे झेंडे, सगळं आपण पाहिलंय. त्याच्या अंगणात झेंडा नव्हता. आवाजही त्यानं चढवला नाही, नकाशावर बोट ठेवून यादी वाचल्यासारखा बोलत गेला. पणजोबांना कंपनीनं सांगितलं, पाणी काढ. आजोबांना सरकारनं सांगितलं, पाणी काढ, शेतीला जमीन कर. बाबांनी शेतात निचऱ्याचे पाइप टाकले. आता पत्र आलंय की पाणी राहू दे. "मला राहू देता येईल," तो म्हणाला, "पण गाय बुडत्या शेतात उभी राहात नाही." त्याच्या बायकोनं जर्दाळूच्या व्हलाईचे, म्हणजे फळं भरलेल्या टार्टचे, मोठे मोठे तुकडे कापले. आजी नकाशाकडे चष्मा वर करून बघत होत्या, आपल्या वडिलांचा कापाचा पट्टा शोधत. तो निळ्याच्या पार मधोमध निघाला.

"तुला काय वाटतं?" त्यानं मला विचारलं. इथे विचारतात असं, तोंडावर. मी दलदलीच्या बाजूची आहे. बाल्कनीतला तो वास, बाहीत शिरलेलं ते पाणी, यानंतर दुसऱ्या बाजूची होणं मला जमणार नाही. पण त्याच्या टेबलाशी बसून, त्याच्या गायींच्या दुधाची कॉफी पिताना ते तोंडातून निघेना. मी विचारलं, गायी किती आहेत तुमच्याकडे? त्याला कळलं. हसला, म्हणाला, एकशे दहा, आणि नकाशाची घडी घालून आम्हाला गोठा दाखवायला उठला.